आधी नोंद, मग नाव

तुझं पत्र वाचलं. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातून सहाशे फोटो आणलेस, घरी येऊन पुस्तक उघडलंस आणि निम्मी बदकं कुठल्याच चित्राशी जुळेनात. आता तुला वाटतंय, कॅमेरा कमी पडला, मोठी लेन्स घ्यावी. घेऊ नकोस. दोष लेन्सचा नाही.

ऑक्टोबरातली बदकं अशीच छळतात. विणीनंतर नर आपली भडक पिसं गाळतात आणि काही महिने मादीसारखे भुरकट दिसतात. आपल्याकडे उतरतात तेव्हा बरेच नर याच वेशात असतात, आणि पुस्तकातलं चित्र बहुधा विणीच्या रंगातलं. म्हणून रंग सोड, घडण बघ. थापट्या बदकाची चोच पुढे फावड्यासारखी रुंद होते, ती कुठल्याच महिन्यात लपत नाही. तलवार बदकाची मान लांब, बारीक आणि चोच राखाडी. भुवई बदकाचा नर उडाला की पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर राखाडी दिसतो.

आणि हे दिसलं त्या क्षणी, तिथेच, वहीत उतरलं पाहिजे. आधी नोंद, मग नाव. नाव एकदा मनात आलं की डोळे त्या नावाला सोयीचं तेवढंच बघतात, हा साऱ्या घोटाळ्याचा उगम आहे. खिशात मावेल अशी वही घे आणि पेन्सिल घे. दवाने शाई फुटते, शिशाला काही होत नाही. वेळ, ऊन कुठल्या बाजूचं, पक्षी चिमणीएवढा की साळुंकीएवढा, चोच डोक्याच्या लांबीच्या मानाने केवढी, पायांचा रंग, भुवई म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ कुठपर्यंत, उडताना पंख आणि कंबर, म्हणजे शेपटीच्या वरचा भाग, कशी, आवाज, आणि तो करत काय होता. वाक्यं नकोत, तुटक शब्द पुरेत. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल.

तू विचारलेल्या तीन तुताऱ्याच घे, पाण्याकाठच्या चिखलात चरणारे हे छोटे पक्षी. सामान्य तुतारी सतत बूड हलवते. तिच्या छातीच्या बाजूने पांढरा पट्टा पंखाच्या पुढे खांद्याकडे वर चढतो आणि उडताना पंखावर पांढरी रेघ दिसते. हिरवी तुतारी पाठीला गडद, उडाली की पंख खालून काळपट आणि कंबर लख्ख पांढरी. भुवई डोळ्यापुढे संपते. ठिपकेवाल्या तुतारीचीही कंबर पांढरीच, फसायला होतं ते इथेच. पण तिचे पंख खालून फिकट, पाय लांब आणि पिवळसर, भुवई डोळ्यामागेही जाते. आता सांग, बसलेल्या पक्ष्याच्या फोटोत पंखाची खालची बाजू कुठून येणार? ती दोन सेकंद दिसते, आणि तेव्हा तू स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेली असतेस!

पैसे खर्चायचेच तर ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण घे. १० पटीच्या दुर्बिणीत आणखी मोठं दिसतं, पण हात थरथरला की चित्रही तेवढंच जास्त हलतं. आल्याबरोबर ती डोळ्यांना जुळव: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट कर, मग डावा मिटून उजव्या नळीवरचं कडं फिरव. चष्मा असेल तर रबरी कडा आत दाबून घे. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण वर आण, नाहीतर फांद्याच शोधत बसशील.

आमच्या गटात मला हट्टी म्हणतात. नोंद होईपर्यंत ओळख सांगणारं ॲप उघडू देत नाही म्हणून. म्हणू देत. नावं बदलतात, किनाऱ्यावरच्या चिखल्या पक्ष्यांमधली एक जात अलीकडे तिबेटी आणि सैबेरियन अशी दोन झाली. ज्यांनी वर्णन लिहिलं होतं त्यांना जुन्या नोंदी पुन्हा तपासता येतात. नुसत्या नावांच्या याद्या मुक्या होतात, आणि अशा याद्यांत गेलेल्या वर्षांची हळहळ मला आजही आहे. ओळख पटली नाही तर ‘तुतारी, जात अनिश्चित’ असं लिही. ती खरी नोंद आहे. ओढूनताणून दिलेलं नाव ही खोटी नोंद आहे.

घरून काहीच दिसत नाही म्हणतेस, हे मी ऐकणार नाही. थंडीच्या तोंडावर शहरातही पाहुणे पक्षी येतात. करडा धोबी गच्चीवरच्या साचलेल्या पाण्यापाशी, शेपटी थरथरवणारा थिरथिरा कुंपणावर, आणि पानांत लपलेला वटवट्या, जो बहुतेकदा दिसण्याआधी ऐकूच येतो. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच जागी १५ मिनिटं उभी राहा. धोबी पहिल्यांदा कधी आला आणि मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा कधी दिसला, या दोन तारखा वर्षानुवर्षं लिहीत गेलीस तर त्यांचं मोल सहलीच्या यादीहून जास्त. काही दिसलं नाही त्या दिवशी ‘काही नाही’ असं लिही. पान कोरं ठेवलंस तर पक्षी नव्हता की तूच नव्हतीस, हे नंतर कुणालाही कळत नाही.

पाण्याचं भांडं पसरट ठेव, खोली चार-पाच सेंटिमीटर, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदल आणि भांडं घास, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. धान्य टाकू नकोस, कबुतरंच गोळा होतील. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो; गॅलरीतल्या नोंदी तेव्हापासून सुरू कर, आणि आठ दिवसांची पानं मला जशीच्या तशी, खाडाखोडीसकट पाठव.