ह्युगो चावेझ व्हेनेझुएलात एवढा लोकप्रिय कसा झाला, आणि मग देशाची वाट कशी लागली?

खरं तर हरलेल्या बंडानेच त्याला हिरो केलं. फेब्रुवारी १९९२ मध्ये या लेफ्टनंट कर्नलचं बंड फसलं, साथीदारांना शरण या असं सांगायला त्याला टीव्हीवर आणलं तर लाल टोपी घातलेला हा गडी म्हणाला की आपली उद्दिष्टं 'तूर्तास' साध्य झाली नाहीत, आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. तिथल्या पुढाऱ्यांकडून असलं ऐकायची सवयच नव्हती लोकांना! १९९४ला तुरुंगातून सुटला, १९९८ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक सरळ जिंकला.

पुढे तेलाचे भाव चढत गेले आणि त्या पैशातून झोपडपट्ट्यांत क्युबन डॉक्टर, स्वस्त धान्य, साक्षरता वर्ग. गरिबी खरंच कमी झाली, हे विरोधकांनीही मान्य करावं. पण २००२-०३च्या संपानंतर सरकारी तेल कंपनीतले हजारो अनुभवी लोक काढून टाकले, किमतींवर नियंत्रण आणलं, दर रविवारी टीव्हीवर तासन्‌तास बोलत बसायचा आणि तिथूनच मंत्र्यांना झापायचा, कोर्टं वगैरे सगळी खिशात. उत्पादन घटत होतं पण भाव चढे होते म्हणून झाकून गेलं. २०१३ला तो कॅन्सरने गेला, २०१४ला तेल कोसळलं आणि सगळं त्याच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या मादुरोच्या गळ्यात पडलं. अर्थात मादुरोने पण काही कमी घोळ घातले नाहीत.