आईला मोटर न्यूरॉनचा आजार आहे, पण अजून बोलता येतंय. मग आतापासूनच एएसी कशाला?

तुम्ही लिहिलंय की आईची जीभ जड झालीय, आणि स्पीच थेरपिस्टने एएसीची तयारी करा म्हटल्यावर "मी अजून बोलतेय ना" म्हणून ती रडली. माझ्या वडिलांना, अण्णांना, हाच आजार होता (यात स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होत जातात), आणि तोही जिभेपासूनच सुरू झाला होता. आम्ही तयारीला चार-पाच महिने उशीर केला आणि तो उशीर मला अजून खुपतो. म्हणून सविस्तर लिहितेय.

एएसी म्हणजे पूरक आणि पर्यायी संवाद. त्यातला 'पूरक' हा शब्द आईला आधी सांगा. जेवढं बोलता येतंय तेवढं बोलायचंच, अडेल तिथे खुणेचा, पाटीचा, फोनचा आधार घ्यायचा. आधार घेतल्याने राहिलेला आवाज लवकर जात नाही. उलट एकच वाक्य पाचदा बोलून येणारा थकवा वाचतो. आणि हे काही आजाऱ्यांपुरतं नाही. लोकलच्या गर्दीत बसलेल्या माणसाला आपण भुवया उंचावून, हात हलवून "कुठे उतरणार?" विचारतो आणि तोही बोटाने "पुढचं" सांगतो, ते याच जातीचं बोलणं.

आतापासून का, तर नवीन पद्धत शिकायला आणि चुका सांगायला आवाज लागतो. "हे अक्षर वर घे", "तू फार घाई करतेस" हे आई आत्ता तोंडाने सांगू शकते. आमच्याकडे अक्षरांचा तक्ता आला तेव्हा अण्णांचा आवाज जवळजवळ गेला होता, त्यामुळे तक्त्यात काय चुकलंय हे तक्त्यावरूनच सांगायची वेळ आली त्यांच्यावर.

दुसरं कारण आवाजाचं. रोजची वाक्यं तिच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. सकाळी, विश्रांतीनंतर, दिवसाला चार-पाचच. फक्त "पाणी दे", "कूस बदल" एवढीच नकोत. तिचं ओरडणं, तिचे लाडाचे शब्द, नातवंडांना ती जशी हाक मारते ती हाक, हे आधी घ्या. अण्णा बेस्टमध्ये कंडक्टर होते. "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे" हे माझ्या लेकीने हट्टाने त्यांच्याकडून म्हणून घेतलं. शब्द घसरलेत, पण हेल त्यांचाच आहे. तेवढी एकच फीत आमच्याकडे आहे.

आता तक्ता. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगनाही हाच आजार होता. १९८५ मध्ये श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि त्यांचं बोलणं गेलं. त्यांचा यंत्राचा आवाज सगळ्यांनी ऐकलाय, पण त्याआधी तेही अक्षरांच्या कार्डावरच बोलत. समोरच्याने बरोबर अक्षरावर बोट ठेवलं की भुवया उचलायचे. आपल्या मुळाक्षरांचं तर भाग्य असं की ती मुळातच ओळींत बसलेली आहेत. वरती स्वर, मग क, च, ट, त, प या पाच ओळी, खाली य-र-ल-व आणि उरलेली. ङ आणि ञ आम्ही काढूनच टाकले. मी ओळींची नावं म्हणायची, "क ओळ? च ओळ?", बरोबर ओळीला अण्णा डोळे वर करायचे. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा, अनुस्वार काही लावायचे नाहीत. प, ख, ब, द, क, र एवढं आलं की "पंखा बंद कर" कळतं. या आजारात डोळ्यांच्या हालचाली बहुधा शेवटपर्यंत टिकतात, म्हणून 'हो'ची खूण डोळ्यांची ठेवलेली बरी.

सगळ्यात अवघड गोष्ट आहे आपण गप्प राहणं. मे महिन्यातली दुपार, अण्णांनी च दिलं, ह दिलं, आणि मी "चहा!" म्हणून उठलेसुद्धा. चहा करून आणला तर ते डोळे मिटून पडलेले. पुन्हा तक्ता घेतला. च, ह, र, प, स. चेहरा पूस. घामाची धार डोळ्यात उतरत होती आणि मी दहा मिनिटं स्वयंपाकघरात. त्या दिवशी तक्त्याच्या कोपऱ्यात 'चुकलं, पुन्हा' हे शब्द मोठ्या अक्षरात लिहिले. 'थांब', 'मला काही सांगायचंय', 'लाळ पूस', 'विषय बदल' हेही असू द्या, पण 'चुकलं' सगळ्यात आधी. अंदाज बांधायचाच असेल तर विचारून बांधा, आणि पुढचं अक्षर घेतल्याशिवाय उठू नका.

हाक मारायची सोयही लागते, कारण तक्ता समोर माणूस असेल तरच चालतो. हात चालत होते तोवर अण्णा जुना तिकिटाचा पंच वाजवायचे. त्याची टिकटिक बाहेरच्या खोलीपर्यंत यायची. बोटांतली ताकद गेल्यावर उशीला हलक्या दाबाने वाजणारी बेल लावली.

फोनचं म्हणाल तर आई लिहिती-वाचती आहे, तेव्हा मराठीत टाइप केलेलं मोठ्याने वाचणारी सोय अँड्रॉइडवर आहे, तिथून सुरुवात करा. गुगलचं 'लुक टू स्पीक' नजर डावी-उजवीकडे नेऊन ठरलेली वाक्यं निवडू देतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मोफत आहे आणि मराठीतही आहे, पण ते चित्रांचं आहे, मुख्यतः बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी. (तुमच्या आईचा प्रश्न नाही हा, पण लहान मुलांचे पालक हे वाचत असतील तर: एएसीने मूल बोलायचं थांबतं ही भीती सोडा. २००६ मध्ये आधीच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, त्यात एकाही मुलाचं किंवा मोठ्या माणसाचं बोलणं कमी झालेलं आढळलं नाही, बहुतेकांचं वाढलंच.) अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्यांना मात्र अक्षरांचा तक्ता अनेकदा उपयोगी पडत नाही, कारण तिथे शब्दच सापडत नसतात. त्यांना चित्रं, फोटो, कॅलेंडर, नकाशा लागतो.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला वाचा-श्रवणाच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयातही वाचा-श्रवण विभाग आहे. दोन्हीकडे आईला घेऊन जा, एकट्याने माहिती काढायला जाऊ नका. तक्ता तिच्या नजरेप्रमाणे बसवावा लागतो.

दवाखान्यात एक त्रास होईल, त्याची तयारी ठेवा. एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर अण्णांकडे न बघता मलाच विचारत होते, "यांना कळतं का?" अण्णांनी तक्त्यावर उत्तर द्यायला घेतलं, तोवर ते पुढच्या खाटेकडे गेले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी पद्धती स्पष्ट लिहिलेल्या आहेत. तेव्हा "थांबा, ती बोलतेय" असं म्हणायला संकोच करू नका. आम्ही नंतर तक्त्याच्या डोक्यावरच लिहून टाकलं: 'मला सगळं समजतं. ओळींची नावं म्हणा. डोळे वर म्हणजे हो. मला वेळ द्या.'

तक्त्याच्या चार प्रती लॅमिनेट करून घ्या. एक खाटेशी, एक दवाखान्याच्या पिशवीत, एक शेजाऱ्यांकडे, आणि एक तुमच्या बाबांना रात्री सरावाला.