कुठल्या महिन्यातला गाळ?

राजारामपुरी, कोल्हापूर

पोरा, अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी दळण घेऊन निघाले होते, म्हणून धड बोलता आलं नाही. समुद्रातल्या तेलविहिरींभोवतीचा गाळ आणि त्यातले जीव तपासायच्या कामावर तुला घेतलं, हे ऐकून बरं वाटलं. चिखल चाळायला कुणी पगार का देतं, हे तुझ्या आईला मात्र अजून पटलेलं दिसत नाही.

आपल्याला समुद्र नाही. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि आपलं सगळं पाणी अरबी समुद्राकडं पाठ करून बंगालच्या उपसागरात जातं. तरी या कामाचं मूळ कोल्हापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथं शाळेतलं पोरही सांगतं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा या आकड्याचा अर्थ आपल्याला लागला, कारण एरवी पाणी कुठं असतं ते कुणीतरी कोरड्या दिवसांतही लिहून ठेवत होतं. विहीर खोदण्याआधी समुद्रतळाची पाहणी करतात, बेसलाइन म्हणतात तिला, ती हीच नोंद. अडचण एवढीच की बंधाऱ्यावर रोज वाचन होतं, समुद्रात एकदाच.

म्हणून जुना अहवाल हातात आला की आधी महिना बघ. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याला खालचं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात उथळ पट्ट्यात तळाजवळ ऑक्सिजन जवळजवळ संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं हे वर्षानुवर्षं मोजलंय. आता बेसलाइन ऑक्टोबरातली आणि विहीर झाल्यावरचा नमुना एप्रिलचा असेल, तर जीव वाढलेलेच दिसणार. ‘खोदकामाचा कोणताही विपरीत परिणाम आढळला नाही’ असं वाक्य मग छापून येतं. महिने उलटे असतील तर समुद्राचं पाप विहिरीच्या माथी. तुझं क्षेत्र किनाऱ्यापासून किती आत आणि किती खोल, त्यावर हे कितपत लागू पडेल ते ठरेल, पण विचारायचं सोडू नकोस.

जुन्या क्षेत्रात तर बेसलाइनच नसते. मुंबई हायला ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या जहाजानं 1974 मध्ये तेल शोधलं, तेव्हा आधी तळ बघा असं सांगणारा नियमच नव्हता. तिथं काळाऐवजी अंतर वापरायचं. प्लॅटफॉर्मपासून, म्हणजे समुद्रात पाय रोवून उभ्या केलेल्या तेलाच्या मंचापासून, 250, 500, 1000, 2000 मीटर असं प्रवाहाच्या दिशेनं लांब लांब जायचं, आडव्या दिशेलाही काही ठिकाणं घ्यायची आणि खूप दूर एक-दोन संदर्भाची, म्हणजे तुलनेसाठीची. जवळून लांब जाताना काही उतरत गेलं तर ते प्लॅटफॉर्मचं, असा हिशेब.

या हिशेबातही खड्डे आहेत. प्लॅटफॉर्मच्या भोवती 500 मीटर मासेमारीला बंदी. त्याच्या बाहेर ट्रॉलर जाळं ओढतात, तळ नांगरल्यासारखा होतो. म्हणजे आत तेलाचा त्रास आणि बाहेर जाळ्याचा. तू तुलना कशाशी करतोयस? शिवाय प्लॅटफॉर्मच्या पायांवर वाढलेले शिंपले मरून खाली पडतात आणि पायथ्याचा गाळच भरड होतो. गाळ बदलला की त्यातले जीव बदलतात, तेलाचा थेंबही न सांडता. म्हणून प्रत्येक नमुन्याचं कणमापन, म्हणजे कण किती बारीक-भरड ते मोजणं, करायचंच. आणि जमलं तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला जाऊन एखाद्या तांडेलाशी, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याशी, बोल. जाळं कुठं ओढतात ते त्याच्याइतकं नेमकं कुठल्याही नकाशात नसतं.

रसायनांपैकी बेरियमकडं लक्ष दे. खोदताना विहिरीत जो चिखल सोडतात, त्याला वजन यावं म्हणून बॅराइटची पूड घालतात. आपल्याकडं ती बरीचशी आंध्रातल्या मंगमपेटची. बॅराइट पाण्यात विरघळत नाही, जिवांना फारसं विषारीही नाही, पण त्याची बारीक पूड प्रवाहाबरोबर जिथं जिथं गेली तिथं बेरियम वाढतं. चोराच्या पायाला चुना लागावा तसं. मात्र प्रयोगशाळेला विचार की गाळ कशात विरघळवला. नुसत्या नायट्रिक आम्लात बॅराइट नीट सुटत नाही. गेल्या वेळी एक पद्धत, यंदा दुसरी, असं झालं असेल तर ते दोन आकडे शेजारी मांडू नकोस. कुणी कितीही आग्रह केला तरी.

जिवांचं म्हणशील तर नुसती संख्या आणि जातींची मोजणी यांवर थांबू नकोस. उत्तर समुद्रात एकोफिस्क नावाच्या तेलक्षेत्रात विविधतेच्या नेहमीच्या निर्देशांकांना जे दिसलं नाही, ते कुठली जात किती, हे एकत्र ताडल्यावर दिसलं. बदल सुमारे 3 किलोमीटरपर्यंत पोचला होता. नाजूक जाती जातात आणि कॅपिटेलासारखे घाणीत माजणारे किडे त्यांची जागा भरतात, तेव्हा बेरीज तेवढीच राहू शकते. ही ओळख सूक्ष्मदर्शकाखाली बसूनच येते. रोझ बेंगॉल नावाचा रंग टाकला की बरणीतले जीव चैत्र यात्रेतल्या जोतिबाच्या डोंगरासारखे गुलाबी होतात, मग चिमट्यानं एकेक वेचायचा. मान मोडते. सवय होते.

आता माझी चूक सांगते. रात्रीचे दोन वाजलेले, समुद्र खवळलेला, शेवटचं ठिकाण संदर्भाचं. ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ उचलणारा लोखंडी जबडा, वर आला तर त्यात शिंपला अडकलेला, फट राहिलेली, वरचा गाळ पाण्याबरोबर वाहून गेलेला. नियम साधा: असा नमुना परत समुद्रात फेकायचा आणि पुन्हा सोडायचा. जीव बहुतेक वरच्या काही सेंटिमीटरातच असतात, तेच गेले तर उरलं काय? पण बोटीवरची माणसं जांभया देत होती, कप्तान घड्याळ बघत होता. मी म्हटलं, ‘घेतो हाच.’ (मुंबईची पोरं हसली. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.) पुढच्या दोन खेपाही तशाच अर्धवट, त्याही घेतल्या. झालं काय, तर संदर्भाचं ठिकाण जिवांच्या बाबतीत दरिद्री निघालं आणि त्याच्या शेजारी प्लॅटफॉर्मजवळचा गाळ संपन्न दिसायला लागला. कुणी पैसे चारले नव्हते, कुणी दम दिला नव्हता. माझ्या झोपेनं प्लॅटफॉर्मला निर्दोष सोडलं. ते ठिकाण मी अहवालातून काढायला लावलं, पण कारण लिहिताना हात जड झाला होता. अहवालाचं खरंखोटं डेकवरच ठरतं, संगणकावर नंतर काही दुरुस्त होत नाही.

बाकी बारीकसारीक. धातूंसाठीचा गाळ प्लास्टिकच्या चमच्यानं काढ, तेलासाठीचा प्लास्टिकला न लावता स्टीलच्या चमच्यानं काचेच्या बरणीत. दोन्ही वरच्या एक सेंटिमीटरातले. ग्रॅबच्या दोरखंडाला कुणी ग्रीस लावत असेल तर आधीच थांबव, नाहीतर बोटीचंच तेल मोजशील. फॉर्मालिनमध्ये बोरॅक्स घालायला विसरलास तर आम्लानं शिंपले विरघळतील. हातमोजे घाल, ते विष आहे. लेबल पेन्सिलीनं लिही आणि एक बरणीच्या आतही टाक. स्पिरिटमध्ये बॉलपेनची शाई उडते आणि मग चाळीस बरण्यांपुढं माणूस अनाथ होतो.

बोट लागली तर पहिले दोन दिवस भडंगाशिवाय काही पोटात टिकत नाही. मी किलोभर बांधून ठेवते, निघण्याआधी घेऊन जा.

आणि कंपनीकडून जुने अहवाल आले की बेसलाइनचा महिना तेवढा मला लगेच कळव. ऑक्टोबर असेल तर जाण्याआधी एकदा बसून बोलू.

तुझी,
मॅडम