वाचकांचे प्रश्न : इंदिरा गोदीला दरवाजे कशासाठी?

प्रश्न : मुंबईच्या इंदिरा गोदीत जहाज सरळ शिरत नाही, आधी दोन दरवाजांच्या मधे थांबते, असे ऐकले. समुद्राला लागूनच असलेल्या गोदीला दरवाजे कशाला हवेत?

उत्तर : मोठ्या उधाणाला मुंबई बंदरात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळपास जातो. उघड्या धक्क्याला लागलेले जहाज दिवसातून दोनदा तेवढे वरखाली होते. दोर सारखे सैल-घट्ट करावे लागतात, आणि ओहोटीला पाणी कमी पडले तर बूड गाळात टेकते. म्हणून गोदीत भरतीचे पाणी कोंडून ठेवतात.

प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये सुरू झाली. तिच्यात आणि शेजारच्या व्हिक्टोरिया गोदीत जहाजांची ये-जा फक्त भरतीलाच होई. वेळ चुकली की पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे साधारण साडेबारा तास, थांबणे आले. भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असेल तर पाणी पुरेसे चढतही नाही.

ही अडचण १९१४ मध्ये उघडलेल्या अलेक्झांड्रा गोदीने, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीने, सोडवली. तिच्या तोंडाशी २२८.६ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद लॉक, म्हणजे दोन दरवाजांमधला पाण्याचा कप्पा, आहे. पायलट, म्हणजे बंदरातला वाटाड्या, जहाजावर चढतो, टग (ओढणाऱ्या बोटी) जहाजाला लॉकमध्ये आणतात, मागचा दरवाजा बंद होतो. मग गोदीतले पाणी लॉकमध्ये सोडतात. दोन्हीकडची पातळी एक झाली की आतला दरवाजा उघडतो. पातळी एक होण्याआधी तो उघडता येत नाही, कारण पाण्याचा सगळा दाब त्याच्यावर असतो. ओहोटीच्या वेळी अशा प्रत्येक खेपेला गोदीतले थोडे पाणी खर्ची पडते.

उत्तम बांधलेल्या या गोदीला पुढे रुंदीच नडली. पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमध्ये मावणारी जहाजे ३२.३ मीटरपर्यंत रुंद असतात. त्यांतली एवढी रुंद जहाजे इथे शिरूच शकत नाहीत. गाळ तर सतत उपसावा लागतो. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक तिकडे वळली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या आता बुजवल्या आहेत.

प्रश्न : बंदर सरकारी खात्याकडे न देता पोर्ट ट्रस्ट, म्हणजे बंदर चालवणारे वेगळे मंडळ, का नेमला?

उत्तर : कारण त्याआधी पूर्व किनाऱ्याचा मोठा भाग एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीच्या हाती होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा व्यापार फुगला, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आणि एवढे महत्त्वाचे धक्के खासगी मालकाकडे असणे परवडेनासे झाले. सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टकडे सोपवली. ट्रस्टचे उत्पन्न जहाजांवरचे आणि मालावरचे शुल्क, तसेच जमिनीचे भाडे यांतून येई. शहराच्या पूर्व किनाऱ्यावरची एवढी जमीन आजही बंदराकडे का, याचे उत्तर इथेच आहे. १८७५ ची सॅसून गोदी खासगी होती. तीही १८७९ मध्ये घेतली गेली. २०२१ च्या कायद्याने ट्रस्टच्या जागी प्राधिकरण आले.

प्रश्न : बॅलार्ड इस्टेट गोदीच्या मातीवर उभी आहे, हे खरे का?

उत्तर : खरे आहे. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेला भराव टाकून सुमारे २२ एकर जमीन तयार केली. तिथल्या इमारतींची आखणी वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची. नाव मिळाले ते ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल जे. ए. बॅलार्ड यांचे.