वेताळ कोणाच्या भातावर जगतो?

प्रश्न : खोतीच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या, काळातील कोकणावर मी एक भयाद्भुत कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील खोताच्या अंगात वेताळ शिरलेला आहे आणि शेवटी कुळे बंड करून तो उतरवतात. हस्तलिखित वाचलेल्या मित्रांना भीती वाटली, मात्र कुळांचे दुःख त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. माझे कुठे चुकले असावे?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : वेताळ खोताच्या अंगात घातलात, तिथेच कथेचा पाया खचला, असे मला वाटते. खोत झपाटलेला असेल, तर अर्धेलीची, म्हणजे निम्म्या पिकाची, वसुली आणि वेठ हे त्याचे कृत्य उरत नाही. वेताळ उतरला की तो निर्दोष ठरतो आणि जमीन मात्र त्याच्याच ताब्यात राहते. त्यापेक्षा वेताळ त्याच्या पदरी असू द्या, पूर्ण शुद्धीवर पोसलेला, आणि त्याचा खर्च कुळांच्या माथी. खळ्यावर खोताचे माप भरून झाल्यावर वेताळाचे माप निघते, आणि तळाशी उरलेले भात सुपात ओढणारी बाई मनातल्या मनात मिरगापर्यंतचे दिवस मोजते. हा प्रसंग सावकाश लिहा. भय तिथेच आहे.

बंडासाठी दूर जायला नको. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप सहा वर्षे चालला, आणि त्यात कुळांनी शेत कसणेच थांबवले. कोणी पेरलेच नाही तर तुमचा वेताळ काय खाईल, आणि उपाशी वेताळ आधी कोणाच्या दारात जाईल? त्याला एका रात्रीत मारूही नका. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ मध्ये मांडले, पुढल्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, तरीही कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. या बारा वर्षांची दमछाक कादंबरीत उतरली पाहिजे.

एक सुचवतो. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणे घालताना प्रत्येक मागणीला जमलेला गाव एका सुरात ‘व्हय महाराजा’ म्हणतो. तुमच्या गावात हे गाऱ्हाणे वेताळापुढे, खोताच्या भरभराटीसाठी घातले जात असेल आणि एके वर्षी मागच्या रांगेतील एक कूळ तोंड मिटून उभे राहिले, तर शेजाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येईल. मी असतो तर पहिले प्रकरण इथूनच सुरू केले असते.