चिकाटी नाही, म्हणजे नक्की काय नाही?

"पोरीत चिकाटीच नाही ओ मॅडम." सोलापूरच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार नववीतल्या लेकीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) गणित चुकलं की वही मिटते. चित्रकला सोडली, कबड्डी सोडली. आई म्हणाली, "हट्ट मात्र भारी. मोबाइलपायी दोन दिवस जेवली नाही."

ही तक्रार माझ्याकडे सारखी येते आणि तिच्यात तीन शब्द एकमेकांत गुंतलेले असतात. हट्ट दुसऱ्यापाशी धरायचा. जिद्दीला समोर कुणीतरी लागतं, निदान 'तुला काय जमणार' म्हणणारं. चिकाटी मात्र एकट्यानं, कामाला चिकटून. (चिकट म्हटलं की कंजूष आठवतो, ते सोडा.)

चिकाटीला घरी तेलुगूत काय म्हणता, असं वडिलांना विचारलं. "पट्टुदल. पट्टु म्हणजे पकड. रेशीमपण पट्टुच," ते हसले.

"मागावर उभा धागा तुटला तर काय करता?"

"माग बंद करायचा. टोक हुडकायचं, गाठ मारायची, फणीतून ओढून परत चालू."

"आणि तसाच चालू ठेवला तर?"

"चादरीत खोट. लांबपर्यंत दिसते."

"असं दिवसातून किती वेळा?"

"मोजतंय कोण!"

मुलीनं पहिल्यांदाच मान वर केली. तिला म्हटलं, तू माग बंद करतेस ते बरोबरच आहे, गाठ मारायची तेवढी राहते. रोज तीनच गणितं. चुकलं की त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि तिथूनच पुढे सोडवायचं. वडिलांना महिनाभर 'चिकाटी' हा शब्द बंद. रात्री फक्त विचारायचं, आज गाठी किती?

कबड्डीचं कारण ती एकटी असताना कळलं. सरावाहून परतताना अंधार पडायचा, सोबत कुणी नसायचं. चित्रकला तिला आवडतच नव्हती. सोडली ते बरं केलं.

महिन्यानं वही आली. एका पानावर सात रेघा, तरी उत्तर चुकलेलंच. वडील पानावरून बोट फिरवत म्हणाले, "इतक्या गाठी म्हणजे सूतच कच्चं हाय की."

खरंच होतं. साती रेघा अपूर्णांकांच्या ओळींखाली होत्या. शेजारच्या पोराचं सहावीचं पुस्तक तिनं त्याच संध्याकाळी मागून आणलं.