आधी सुधारतो, मग मेजाशी येतो

“ताई, मी अजून त्या लायकीचा नाही.” चर्चच्या मंडळीतल्या माणसांकडून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. कुणाची दारू सुटत नाही, कुणाचं भावाशी जमिनीवरून बोलणं बंद आहे, कुणाचा घटस्फोट झालाय. उपासनेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत मेजाशी भाकर आणि प्याला घेण्याची, वेळ आली की हळूच बाहेर पडतात.

त्यातलाच एक नगरकडचा, पुण्यात नोकरीला असलेला तरुण. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) मोबाइलवरच्या रमीत पगार गेला, मग बायकोच्या पाटल्या तिला न सांगता गहाण पडल्या. सुरुवातीच्या भेटींत तो फक्त शपथांबद्दल बोलत राहिला. नाताळला घेतली, गुड फ्रायडेच्या आत मोडली.

“एकदा वर्षभर नीट राहून दाखवतो. मग देवापुढे तोंड घेऊन जाईन.”

“आणि अकराव्या महिन्यात घसरलात तर?”

“परत पहिल्यापासून.”

उपदेश त्याने लहानपणापासून भरपूर ऐकला होता, त्यात भर घालण्यात अर्थ नव्हता. मी त्याच्यापुढे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय ठेवला. बापाकडून घेतलेला वाटा उडवून कंगाल झालेल्या आणि शेवटी घरी परतलेल्या उधळ्या पुत्राची ती गोष्ट त्याला पाठच होती. मी म्हटलं, मुलगा डुकरं राखताना बापाला काय सांगायचं ठरवतो ते मोठ्याने वाचा. मग घरी पोचल्यावर प्रत्यक्ष काय म्हणतो ते वाचा.

त्याने वाचलं. परत मागे गेला. ओळीवर बोट ठेवून थांबला.

“मोलकऱ्यासारखं ठेवा, हे राहिलंच की.”

“का राहिलं?”

“बापाने बोलूच दिलं नाही. झगा मागवला.”

“तुम्ही किती वर्षं तेच राहिलेलं वाक्य घोकताय?”

तो बराच वेळ रडला. मी मध्ये बोलले नाही. या कामात कधी गप्प बसायचं हे मला आता बऱ्यापैकी कळतं. नंतर म्हणाला, “म्हणजे मी मुलगा व्हायला आलोच नव्हतो. मजुरी फेडायला आलो होतो.” हे मी त्याला सुचवलेलं नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे: स्वीकार आधी, बदल नंतर. जक्कयाचं बघा. उंबराच्या झाडावर बसलेल्या त्या जकातदाराला येशू म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देण्याची भाषा जक्कयाने त्यानंतर केली. क्रम उलटा केला की पश्चात्तापाचा हप्ता होतो, आणि हप्ता थकला की माणूस देवालाही सावकारासारखा टाळतो.

“मग पाप केलं तरी चालेल?” असं मंडळीतले वडील मला हमखास विचारतात. हा प्रश्न प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या 6व्या अध्यायात स्वतःच काढला आणि ठणकावून ‘नाही’ म्हटलं. जक्कयाचेही पैसे वाचले नाहीत.

प्रभुभोजनाच्या भीतीबद्दल एवढंच. अयोग्य रीतीने भाकर खाणारा दोषी ठरतो, असं करिंथ इथल्या मंडळीला पौलाने कडक शब्दांत लिहिलं, कारण तिथे काही जण आधीच खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. आत्मपरीक्षा करा असं तो सांगतो, आणि लगेच पुढे: मग खा, मग प्या. परीक्षा करून घरी जा, असं त्यात कुठेही नाही.

बाप्तिस्मा होऊनही आत काही हललं नाही म्हणून घाबरणाऱ्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण देते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे सुमारे आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. रमाबाईंना वेळ लागला, तर आपल्यालाही लागू द्यावा.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सोडत नाही. देवाची क्षमा आणि घरच्यांचा विश्वास ही दोन वेगळी खाती आहेत. प्रभूने क्षमा केली, आता तूही कर, असं बायकोला सुनावणारे नवरे मी पाहिलेत; ती निव्वळ दांडगाई. जुगाराची ओढ आवरतच नसेल तर प्रार्थनेबरोबर मानसोपचारतज्ज्ञही गाठावा. त्यात अविश्वास नाही.

या तरुणाने बायकोला पाटल्यांचं खरं सांगितलं. ती चार दिवस बोलली नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याने भाकर आणि प्याला घेतला. पगाराचं खातं आणि फोनवरून पैसे पाठवायचा पिन आता बायकोकडे आहे. परत कधी देणार, असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “पाटल्या सुटल्या की बघू.” तिचं बरोबर आहे, असं मी त्याला सांगितलं.